पंपात काहीच नव्हतं

मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते. त्याआधीच्या आठवड्यात कोकणातल्या होड्यांचे डिझेल पंप, म्हणजे इंजिनात दाबानं डिझेल सोडणारे पंप, दुरुस्तीला कोल्हापुरात येऊ लागतात. देवगड, मालवणची माणसं भर पावसात फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे उद्यमनगर गाठतात. इथं पंप-नोझलवाला, लेथवाला, वॉशरवाला सगळे हाकेच्या अंतरावर आहेत.

त्या दिवशी माझ्याकडे देवगडकडचे एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आले. पोत्यात ट्रॉलरच्या सहा सिलिंडरी इंजिनाचा पंप होता. सोबत डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर, फिल्टर, पायपा, सगळंच होतं. पावसात होडीवर ठेवायला नको म्हणून उचलून आणलेलं.

"मेस्त्री, इंजिन एका जाग्यार रवणा नाय. वर जाता, खाली येता."

पंप याआधी दुसरीकडे दोनदा उघडलेला होता. डिझेल दाबणारे सहाही एलिमेंट, म्हणजे आतले दट्टे आणि त्यांच्या नळ्या, नवीन घातलेले, पैसे मोजून घेतलेले, दोष मात्र जागच्या जागी. खाडीच्या तोंडाशी लाट अंगावर येत असताना इंजिनाचा जोर पडला तर खडक लांब नसतो, हे ते फार शांतपणे सांगत होते. मला त्या शांतपणाचाच त्रास झाला.

मोबाइलवर त्यांनी आवाज टिपून आणला होता. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं एखादं नोझल ठिबकत असेल तर इंजिन लंगडतं, थरथरतं, धूर बदलतो. इथं तसं नव्हतं. रेस संथपणे चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. आम्ही याला हंटिंग म्हणतो. इंजिनाचे फेरे एका पातळीवर धरून ठेवणारा गव्हर्नर असं का डोलतो याचं गणित मॅक्सवेलने 1868 सालीच मांडलं होतं, वाफेच्या इंजिनांच्या काळात.

पंप तपासणीच्या बेंचवर चढवला. सहा नळ्यांत तेल जवळपास एका रेषेत उतरलं. डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, म्हणजे रॅक, बोटानं ढकलली तर कुठंही अडकत नव्हती. गव्हर्नरची वजनं वेळेवर उघडत होती, जादा फेऱ्यांवर डिझेल तोडणारं कट-ऑफ बरोबर. पंपात काहीच नव्हतं.

तांडेलांचा चेहरा उतरला. पंपातच काहीतरी निघावं, असं त्यांना वाटत होतं. ते बदललं की होडी पाण्यात जाईल.

मी त्यांना बेंच दाखवलं. इथं पंप विजेच्या मोटरवर फिरतो. 500 फेरे लावले की 500च राहतात. तेलही बेंच स्वतःच्या टाकीतून, स्वतःच्या दाबानं पुरवतं. होडीवर फेरे इंजिन ठरवतं, आणि डिझेल टाकीतून ओढून आणावं लागतं. म्हणजे हा आजार बेंचवर दिसण्याची सोयच नाही. बेंचवर ठीक निघालेला पंप होडीवर पुन्हा डोलतो, म्हणून लोक पुन्हा पंपच उघडतात. दोन-तीन मायक्रॉनच्या फटीवर चालणारे चांगले एलिमेंट अशानं भंगारात जातात. मला याचा खरंच राग येतो.

मग चहा मागवला आणि विचारत बसलो. बंदरातून निघताना होतं का? नाही. लोडवर? हो, पण रोज नाही. टाकी भरलेली असताना? ते थांबले. भरलेली असली की कधीच नाही. अर्ध्याखाली गेली की सुरू होतं. आणि सेपरेटरजवळ बऱ्याचदा थोडं ओलं असतं, खलाशी फडक्यानं पुसून घेतो, असं ते सहज बोलून गेले. मला हवं होतं ते त्या फडक्यात मिळालं.

बेंचवर त्यांचीच लाइन जोडली. जमिनीवर डिझेलचा कॅन, त्यातून सेपरेटर, पुढं पारदर्शक नळीचा तुकडा, मग पंपावरचा फीड पंप, जो टाकीतून डिझेल ओढतो. मोटर सुरू केली. थोड्याच वेळात नळीतून बुडबुड्यांची माळ निघाली. मोटर बंद करून कॅन उचलून उंच टेबलावर ठेवला. बुडबुडे थांबले आणि सेपरेटरच्या बाहेरच्या बँजो बोल्टखाली, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखाली, थेंब जमला.

टाकीतली पातळी वर असली की त्या जागेतून डिझेल बाहेर झिरपतं. पातळी खाली गेली की फीड पंप ओढतो आणि तिथूनच हवा आत शिरते. तेव्हा बाहेर ओल दिसत नाही, म्हणून कुणी तिकडं बघत नाही. ही हवा एलिमेंटमध्ये दाबली जाते, नोझलपर्यंत पुरेसं डिझेल पोचत नाही, फेरे पडतात. फेरे पडले की गव्हर्नर रॅक पुढं ढकलतो. तेवढ्यात बुडबुडा निघून जातो, डिझेल पूर्ण येतं, इंजिन उसळतं, गव्हर्नर रॅक मागं घेतो. पुन्हा बुडबुडा. गव्हर्नर आपलं काम चोख करत होता, म्हणूनच ते डोलणं इतकं लयीत होतं.

बोल्ट उघडला. तांब्याचे वॉशर पुन्हा पुन्हा वापरून कडक झालेले, आणि बसायच्या जागेवर पान्ह्याचा आडवा ओरखडा. शेजारच्या लेथवर ती जागा हलकी साफ करून घेतली, नवे वॉशर टाकले, कॅन पुन्हा जमिनीवर. नळी स्वच्छ राहिली. तांडेल नळीजवळ डोळे नेऊन बराच वेळ बघत राहिले. पंपाला सील मारून दिलं, आत पान्हा लावला नाही, पैसे तपासणीचे आणि वॉशरचे घेतले.

ऑगस्टात त्यांचा फोन आला. टाकी अर्ध्याखाली, जाळं ओढताना लोड पूर्ण, आणि त्यांनी मोबाइल इंजिनाजवळ धरला. आवाज एकसारखा होता. मग कौतुकानं म्हणाले, ती पारदर्शक नळी मागून घेतली होती ना, ती होडीवर जोडली आहे, दिसत राहतं. मी त्यांना तिथंच थांबवलं. इंजिनाच्या उष्णतेनं ती नळी मऊ पडते, फुटली तर डिझेल गरम सायलेन्सरवर जाईल. ती आजच काढा आणि जुना पाइप लावा, असं सांगितलं. त्यांनी फोन चालू ठेवूनच इंजिन बंद करून घेतलं आणि खलाशाला पान्हा आणायला पाठवलं.