ठासणीच्या रायफलीची माशी घासताना

घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही, हे मी सांगलीला बाबांच्या फिटरच्या दुकानात लहानपणापासून ऐकत आले. ते खरं किती महत्त्वाचं आहे, हे मला पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरजवळ एका रायफलीवर काम करताना कळलं.

१८व्या शतकात याच भागातल्या जर्मन भाषक कारागिरांनी लांब नळीची, आतून पेच, म्हणजे मळसूत्री चऱ्या, पाडलेली रायफल घडवली. जेकब डिकर्टचं दुकान लँकेस्टरमध्येच होतं. पुढे लोक तिला केंटकी रायफल म्हणू लागले, पण तिचं माहेर इथलं. दोन हिवाळे खपून मी सुट्या भागांच्या संचातून तशी एक जोडली: मेपलचा दस्ता, ४२ इंची नळी, चकमकीचा घोडा. आपल्याकडे ठासणीची बंदूक म्हणतात तीच ही जात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठेवून गजाने ठासायची, नळीच्या कानाशेजारच्या (बाजूच्या बारीक भोकाशेजारच्या) पेल्यात चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, घालायची. हे सगळे शब्द मराठीत आयते आहेत, म्हणून माझी नोंदवही मी मराठीतच ठेवली.

नेम धरायला या रायफलीवर दोनच गोष्टी. डोळ्याकडच्या बाजूला खाच आणि नळीच्या तोंडाशी माशी, म्हणजे पितळेचं उभं पातं. फिरवायला स्क्रू नाहीत. खाच तिच्या डव्हटेलमध्ये, म्हणजे नळीवरच्या आडव्या खोबणीत, डावी-उजवी सरकते; माशी वरून घासली की ठेंगणी होते. संच बनवणारे माशी मुद्दाम उंच ठेवतात, त्यामुळे नव्या रायफलीची गोळी खाली लागते. माशी घासत गेलं तशी गोळी वर चढते. उलट दिशेचा रस्ता नाही. जास्त घासली तर नवी माशी बसवायची.

आधी २५ यार्डांवर मोठा कागद लावून गोळ्या निदान कागदावर येतात हे पाहिलं, मग ५० यार्डांवर गेले. पाच बार काढले. पाच भोकं आठ इंचांत विखुरलेली, बहुतेक खाली आणि उजवीकडे. त्याच दिवशी पंच काढून खाच ठोकावी असं फार वाटलं. क्लबातले सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, जे गेली कित्येक वर्षं चकमकीचीच रायफल चालवतात, त्यांनी मला थांबवलं आणि समोरच्या गवतातून चिंध्या वेचून आणायला सांगितल्या.

गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असते. माझ्या .५० च्या नळीत .४९० इंचाची गोळी जाते, आणि मधली फट तेल-चरबी लावलेल्या सुती कापडाने भरते. पेचांची पकड गोळीला त्या कापडातूनच मिळते. बार उडाला की कापड काही पावलांवर पडतं, आणि नळीत काय झालं ते त्यावर दिसतं. माझी कापडं मधोमध जळून भोकं पडलेली होती. म्हणजे पाव मिलिमीटरचं ते कापड पातळ पडत होतं आणि गॅस गोळीच्या कडेने निसटत होता. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड घेतलं, जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचं, आणि त्याला तेल सढळ लावलं. वेचलेल्या चिंध्या आता अख्ख्या होत्या, फक्त मधे करडा डाग.

दुसरी सुधारणा माझ्यातच करायची होती. घोडा पडतो, ठिणगी रंजकीवर जाते, तोंडासमोर भडका होतो आणि मग बार. त्या क्षणभरात मी दचकत होते. संध्याकाळी घरी, रिकाम्या रायफलीच्या घोड्यात गारेऐवजी (ठिणगी पाडणाऱ्या दगडाऐवजी) लाकडाचा तुकडा अडकवून रोज वीस वेळा चाप ओढला आणि घोडा पडल्यावरही माशी नजरेतून सुटू द्यायची नाही, एवढंच केलं. आठवडाभरात फरक पडला. एकदा रंजक उडाली पण बार उडालाच नाही, तेव्हाही रायफल तशीच लक्ष्याकडे रोखून पुरतं एक मिनिट थांबले. आत आग धुमसत असू शकते, त्यामुळे इथे घाई करायचीच नाही.

मग बाकी सगळं कायम केलं. मापातून ६० ग्रेन दारू (वजनात सुमारे ३.९ ग्रॅम), तेच कापड, तीच गोळी, आणि प्रत्येक बारानंतर ओलसर फडकं नळीतून फिरवायचं, कारण काळ्या दारूची राख साचली की पुढची गोळी वेगळी जाते. पाच भोकं अडीच इंचांत आली. त्या पाचांचा मध्य सहा इंच खाली, चार इंच उजवीकडे.

तरीही गृहस्थ म्हणाले, "ढग असतील त्या दिवशी पुन्हा ये." त्या सकाळी ऊन डावीकडून येत होतं आणि पितळेच्या माशीची डावी कड चमकत होती. डोळा त्या चकाकीलाच माशी समजून खाचेच्या मधे आणतो, त्यामुळे खरी माशी उजवीकडे सरकते आणि गोळीही उजवीकडे जाते. मी घरी देवाजवळची निरांजन लावून माशीवर काजळी धरली. काजळ घातलेल्या माशीने आणि ढगाळ दुपारी मध्य उजवीकडे फक्त अडीच इंच राहिला. चार इंचांचा हिशोब धरून खाच ठोकली असती तर दीड इंच मी उन्हाच्या नावावर सरकवला असता.

आता हिशोब सोपा होता. खाच आणि माशी यांच्यात ३२ इंच अंतर. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. ३२ गुणिले अडीच, भागिले १८००, म्हणजे ०.०४४ इंच, १.१ मिलिमीटर. गोळी जिकडे न्यायची तिकडे खाच सरकवायची, म्हणजे डावीकडे. रायफल रिकामी आहे हे गज आत घालून पाहिलं, नळी कापड गुंडाळून व्हाइसमध्ये धरली, खाचेपासून नळीपर्यंत पेन्सिलची रेघ मारली आणि पितळी पंचावर हलक्या हाताने हातोडी टाकली. पहिल्यांदा काहीच हललं नाही, नंतर एकदम जास्त सरकली. व्हर्नियर लावून परत थोडी आणली. पुढच्या पाच गोळ्या मधल्या उभ्या रेषेवर.

उंचीचा हिशोब २.७ मिलिमीटर निघाला. तेवढं एका बैठकीत घासायचं नाही हे ठरवूनच बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, कानस पुढे जाताना कापते. मागे येताना उचलायची, ओढायची नाही. आणि दर पाच घासांनी माप घे." पहिल्या दिवशी १.३ मिलिमीटर घासलं. गोळ्या आता मध्यापासून तीनच इंच खाली लागल्या. दुसऱ्या खेपेला ०.९ मिलिमीटर, आता एक इंच खाली. दर वेळी पुन्हा काजळी, पुन्हा पाच बार, पुन्हा चिंध्या वेचणं. मधे एकदा भोकं थोडी पसरली, तेव्हा आधी गार बघितली. तिची धार गेली होती. गार बदलल्यावर गट पूर्ववत झाला आणि माशीला हात लावायची वेळ आली नाही.

एक इंच उरल्यावर थांबले आणि माशीचा जवळून काढलेला फोटो बाबांना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. "उजवीकडे उतरलंय बघ. वरची कड सपाट नाही, आणि कडेला कच, घासल्याची खरखरीत किनार, राहिलीय."

मी गुण्या लावून बघितलं. उजवी कड खरंच खाली होती. दुसऱ्या दिवशी बारीक कानशीने डावी बाजू तिच्या बरोबरीला आणली, कच काढली, आणखी ०.२ मिलिमीटर गेलं. पाच गोळ्या अर्धा इंच खाली, मधल्या रेषेवर. उरलेला अर्धा इंच तसाच ठेवला आहे. नळी नवी आहे, अजून शंभरेक बार तिच्यातून गेले की पुन्हा पाहीन.

गरम पाण्याने नळी धुतली, तेल लावलं, आणि वहीत माशीची उंची लिहिली. खाली बाबांचं नाव आणि तारीख.