लाईट असेपर्यंत

माझ्या वयाच्या, अंबाजोगाईत वाढलेल्या कोणालाही मारिओ या टीव्हीवरच्या खेळाची पहिली स्टेज विचारावी, तो ती डोळे मिटून सांगेल. शेवटची विचारली तर मात्र बहुधा विषय बदलेल. चौथ्या पाइपातून खाली उतरले की नाण्यांची खोली लागते, झेंड्याच्या काठीच्या टोकाला हात लावायचा तर उडी कुठल्या पायरीवरून घ्यायची, हे सगळे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. शेवटच्या स्टेजला भेटणारी राजकन्या पाहिलेले मात्र गल्लीत कोणीच नव्हते. याला आमची बोटे जबाबदार नव्हती. लाईट जबाबदार होती.

मामांनी औरंगाबादहून आणलेला तो करड्या रंगाचा डबा म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राची स्वस्त नक्कल होती, आणि त्यावरचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ सालचा, म्हणजे आम्हा दोघा भावांपेक्षाही वयाने मोठा होता. यांतले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते. यंत्राला आम्ही ‘व्हिडिओ गेम’ म्हणत असू, त्यात बसवायच्या पिवळ्या तुकड्याला ‘कॅसेट’ आणि मारिओच्या आयुष्याला ‘जान’. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले होते. दादाने पहिल्याच सुट्टीत वहीत यादी करून पाहिली, तेव्हा तेच पंधरा-वीस खेळ वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून येतात असे निघाले. त्याचे वाईट मात्र कोणालाही वाटले नाही, कारण त्यांत मारिओ होता.

या मारिओला स्मरणशक्ती नव्हती. पुढे काही खेळांच्या कॅसेटमध्ये छोटी बॅटरी बसवून खेळणारा कुठवर पोचला ते जपून ठेवण्याची सोय झाली, पण मारिओच्या कॅसेटमध्ये तसे काही नव्हते. यंत्राच्या अवघ्या दोन किलोबाइट स्मृतीत मारिओ कुठे उभा आहे, नाणी किती आणि जान किती उरल्या, एवढे मावत असे. आणि तेही वीज वाहत असेपर्यंतच. खेळात आठ जगे, प्रत्येकात चार स्टेज; लाईट गेली की सहाव्या जगात पोचलेला मारिओ पुन्हा पहिल्या पाइपापाशी येऊन उभा राहत असे.

आणि लाईट तर जातच असे. भारनियमनाच्या त्या वर्षांत गल्लीतल्या प्रत्येक घरात वेळापत्रक भिंतीला चिकटवलेले असे. ते आईला पिठाच्या गिरणीसाठी लागे, बाबांना पाण्याच्या मोटारीसाठी आणि आम्हाला मारिओसाठी. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र आमच्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर. एवढी वीज शेजारी तयार होते, मग ती आधी आपल्याकडे का येत नाही, असे मी एकदा शाळेत विचारले होते. तयार झालेली वीज शेजारच्या गावाला नव्हे, तर राज्यभराच्या तारांना मिळते, हे गुरुजींनी शांतपणे समजावले. उत्तर पटले, समाधान झाले नाही.

एका उन्हाळ्यात दादा सातव्या जगापर्यंत पोचला. जेवायची हाक आली तेव्हा त्याने खेळ थांबवला, टीव्ही बंद केला आणि यंत्र तसेच चालू ठेवले. रात्रभर अडॅप्टरचा बारीक लाल दिवा देवघरातल्या समईसारखा जळत होता आणि आजी अंथरुणातून विचारत होती, “ते काय जळायलंय रे तिकडं?” दादा म्हणाला, “मारिओ झोपलाय, आजी.” पहाटे केव्हातरी लाईट गेली. पंखा थांबल्यामुळे सगळ्यांना जाग आली, पण दादा एकटाच उठून बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

लाईटीशी सामना करायचा तर वेग हवा, आणि तो आम्हाला लातूरहून सुट्टीला आलेल्या आतेभावाने दिला. दुसऱ्या स्टेजच्या शेवटी नेहमीच्या पाइपात न शिरता विटांच्या छतावर चढायचे आणि तसेच पळत राहायचे, की पलीकडे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जगाचे तीन पाइप दिसतात, हे त्याने करून दाखवले, तेव्हा अख्खी गल्ली आमच्या बैठकीत जमली होती. चौथ्या जगाच्या दुसऱ्या स्टेजमध्येही एका विटेत वेल लपलेली असते आणि तिच्यावरून थेट आठव्या जगाकडे जाता येते, म्हणजे ३२ पैकी आठच स्टेजमध्ये राजकन्या गाठता येते, हे त्यालाही माहीत नव्हते. त्या विटेखालून आम्ही किती वेळा गेलो असू कोण जाणे.

आमचा टीव्ही कृष्णधवल होता, आणि याबद्दल मी आजवर कोणाकडेही तक्रार केलेली नाही. रंगीत टीव्हीवर खेळणाऱ्या शेजारच्या मुलाला कधीच न दिसलेली गोष्ट आम्हाला पहिल्या आठवड्यात दिसली होती: आभाळातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार हुबेहूब एकच आहे. तो मुलगा हसला. पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आले, की अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा असल्यामुळे करणाऱ्यांनी एकच चित्र वर पांढरे आणि खाली हिरवे रंगवले होते. उलट, साधे अळंबे कोणते आणि जान वाढवणारे हिरवे कोणते, हे ओळखायला आम्हाला रंगाचा उपयोग नव्हता. ते कुठल्या विटेतून निघाले यावरूनच पारख करावी लागे.

गेल्या महिन्यात भाच्याच्या मोबाइलवर तोच खेळ निघाला. त्यात हवे तिथे खेळ जपून ठेवता येतो. मारिओ मेला तर दोन पावले मागे येऊन पुन्हा उडी मारायची. दोन संध्याकाळींत मी आठव्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यात शिरलो, कासवांच्या राजाला पुलावरून खाली पाडले आणि राजकन्येपुढे जाऊन उभा राहिलो. तिने आभार मानले, मोहीम संपल्याचे सांगितले आणि त्याच दमात नवी मोहीम पुढे केली. भाच्याने विचारले, “एवढंच?”

मी लगेच दादाला फोन लावला. तो हल्ली पुण्यात असतो आणि त्याच्याकडे कितीतरी वर्षांत लाईटीचे वेळापत्रक भिंतीवर लागलेले नाही. राजकन्या भेटल्याचे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “मधी मधी सेव्ह केलास ना?”

“केलं,” मी म्हणालो.

“मग ते धरायचं नाही,” दादा म्हणाला.