वगारी आणि सरकी

पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून सकाळीच फोन आला. वगार (म्हशीचं मादी वासरू) धापा टाकतेय, न्यूमोनियाची इंजेक्शनं देऊन झाली, उतार नाही. त्याच गोठ्यातली दुसरी वगार आठवडाभर आधी उभ्या-उभ्या कोसळून मेली होती.

पोचलो तेव्हा हीसुद्धा शेवटच्या घटका मोजत होती. अंगात ताप नव्हता, आणि मला तिथेच शंका आली. मानेची शीर फुगलेली, श्वास पोटातून ओढत होती. तासाभरात गेली. गोठ्याचे मालक आप्पा, त्यांना विचारून पोस्टमॉर्टेम केलं. छाती पिवळसर पाण्यानं भरलेली, हृदय मोठं आणि लिबलिबीत. फुप्फुसाचा आजार असता तर असं दिसत नाही. हृदय हरलं होतं.

गव्हाणीत पाहिलं तर भिजवलेली सरकी.

आपल्या खान्देशात घरोघरी कपाशी. जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातली सरकी, म्हणजे बी, वेगळी केली की रुई निघते साधारण एक तृतीयांश, बाकी जवळजवळ सगळी सरकीच. तिचं तेल गाळतात, उरलेली ढेप म्हशींना जाते, दुधाला फॅट चढतं. सरकीवरच्या बारीक तंतूंपासून कागद होतो. काहीच वाया जात नाही, म्हणून ती वाईट असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

पण सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. कपाशीचं ते किडींपासूनचं संरक्षण. मोठ्या म्हशीच्या कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटात, ते बऱ्याच अंशी बांधलं जातं, म्हणून बेतानं दिलेली सरकी तिला पचते. दोन-तीन महिन्यांच्या वासराचं कोटीपोट अजून पुरतं तयार नसतं. विष थोडं थोडं साठत जातं आणि कित्येक आठवड्यांनी एकदम हृदयावर येतं. घाण्यात तापलेल्या ढेपेपेक्षा कच्च्या सरकीत मोकळं गॉसिपॉल जास्त.

आप्पा म्हणाले, "म्हैसले चालस, मंग वगारले काबर नही?"

प्रश्न रास्त होता. दूध डेअरीला जातं, वगारींना कमी पडतं, म्हणून त्यांनी मायेनं सरकी घातली होती. रेडे असते तर एवढं खाऊ घातलं नसतं, असं काकू रडत सांगत होत्या. मला ते ऐकवत नव्हतं.

गोठ्यात अजून एक लहान वगार उभी होती. या विषावर उतारा नाही. तिची सरकी-ढेप तिथल्या तिथे बंद केली. आईचं दूध पोटभर पाजा, मऊ हिरवा चारा आणि थोडा मक्याचा भरडा द्या, आणि मुख्य म्हणजे तिला पळवू नका, कारण सरकी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हृदयाचा धोका राहतो, असं सांगितलं. गव्हाणीतल्या सरकीचा नमुना घेतला. मग शेजारच्या गोठ्यांत फिरलो. तिथेही दोन ठिकाणी वासरांपुढे तीच टोपली होती. ती उचलायला लावूनच गाव सोडलं.