नऊचा पीळ आणि ऐंशी ग्रेन

ओहायोत राहायला आल्यापासून माझे उन्हाळे एरी सरोवराच्या काठावरील कॅम्प पेरीभोवती फिरू लागले. १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांशी या जागेचे नाव जोडलेले आहे. 'हाय पॉवर' या रायफल प्रकारात २०० आणि ३०० यार्ड आटोपल्यावर ६०० यार्डांवर पालथे झोपून, एकेक काडतूस हाताने भरत, २० गोळ्या झाडायच्या असतात. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२ इंच व्यासाचे असते. ताशी १० मैलांचा आडवा वारा असला, तर .२२३ रेमिंग्टन या माझ्या रायफलीच्या काडतुसातील ६९ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीपेक्षा ८० ग्रेनची गोळी त्या अंतरावर सुमारे एक फूट कमी ढळते. एवढ्या एका कारणासाठी मी ८० ग्रेनच्या गोळ्यांची पेटी आणली, आणि बंदुकीची नळी मात्र जुनीच ठेवली.

त्या नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा पीळ १:९ होता, म्हणजे नऊ इंच पुढे जाताना गोळी स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेत असे. हिवाळ्यातल्या एका सकाळी १०० यार्डांवर कागद टांगला. गोळ्या विखुरलेल्या होत्याच, पण जवळ जाऊन पाहिले तर तीन भोके गोल नसून चिंचोक्यासारखी लांबट होती, आणि एकाच्या कडेला शिसपेन्सिलीने ओढावा तसा राखाडी डाग होता. गोळी नाकासमोर न जाता डोलत गेली होती. मी आधी दुर्बिणीला दोष दिला, मग हाताला. नळीची आठवण सर्वांत शेवटी झाली.

भोवरा जाळीने जोरात फिरवला तर ताठ उभा राहतो आणि फिरकी कमी पडली की झुकतो, हे लहानपणी सगळ्यांनीच पाहिलेले असते. गोळीवर हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो, त्यामुळे ती सतत उलटू पाहते, आणि गोळी जितकी लांब तितकी ही ओढ अधिक. जाडी .२२४ इंचांवर बांधलेली असल्याने वजन वाढवायचे तर लांबीच वाढवावी लागते. दुकानात सगळे ग्रेन विचारतात, पण नळीला कळते ती लांबी. सारख्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी शिसे भरलेल्या गोळीहून लांब असते, म्हणून तिला अधिक घट्ट पीळ, म्हणजे कमी इंचांत एक फेरा, लागतो. उलट कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील .२२ ची ४० ग्रेन गोळी जवळपास तेवढ्याच जाडीची, पण आखूड असते, आणि तिला सोळा इंचांत एक फेरा पुरतो.

थंडी हाही माझा गुन्हेगार होता, कारण थंड हवा दाट असते आणि गोळीला अधिक जोराने उलटवू पाहते. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीचा सुरुवातीचा १:१४ पीळ बदलून १:१२ करावा लागला, तोही थंडीत ५५ ग्रेनची गोळी डळमळू लागल्यामुळेच.

आपल्या नळीचा पीळ छापील आकड्यावर सोडू नये, असे मला आता वाटते. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, साफसफाईच्या फिरत्या मुठीच्या सळईला घट्ट चिंधी लावावी, ती नळीत ढकलून सळईवर खूण करावी आणि खूण एक फेरा पूर्ण करेपर्यंत सळई किती इंच आत गेली ते मोजावे. माझ्या मोजणीत पावणेनऊ ते नऊच्या दरम्यान आकडा आला.

नवी नळी मी १:८ ची घेतली. त्या पिळात २७०० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटलेली गोळी मिनिटाला सुमारे २,४३,००० फेरे घेते. पातळ कवचाची हलकी शिकारी गोळी एवढ्या फिरकीत हवेतच फुटू शकते, पण ६०० यार्डांच्या स्पर्धेत तिचे कामच नाही. ७७ ग्रेनची गोळी मॅगझिनमध्ये मावते, म्हणून भराभर गोळ्या झाडायच्या जलद फेरीसाठी तीच ठेवली आहे. ८० ची गोळी मावत नाही, पण ६०० यार्डांवर एकेक भरायची असल्याने काही अडत नाही. ९० ग्रेनची पेटीही एका मित्राने आग्रहाने दिली आहे. तिला १:७ किंवा त्याहून घट्ट पीळ हवा, म्हणून ती अजून फोडलेली नाही.