दिशा असूनही अदिश

धाकटीने काल विचारले, "विद्युतधारेला दिशा असते, मग ती अदिश राशी कशी?" आणि मी सांगायला सुरुवात करणार, तोच "राहू दे, पाठच करून टाकते" असे म्हणून तिने वही मिटली. ती मिटलेली वही आज दिवसभर मनाला टोचत राहिली.

परिमाण (म्हणजे किती ते) आणि दिशा दोन्ही असणारी ती सदिश राशी, नुसते परिमाण असणारी ती अदिश, एवढीच व्याख्या हाती दिल्यावर तिचा गोंधळ होणारच, कारण खरी मेख बेरजेत आहे. एका कड्याला काटकोनात बांधलेल्या दोन दोऱ्यांपैकी एक 3 न्यूटन आणि दुसरी 4 न्यूटन बलाने ओढली, तर परिणामी बल 5 न्यूटन भरते, आणि दोऱ्यांमधील कोन कमी करत नेला की ते वाढत वाढत 7 पर्यंत जाते. याउलट दोन तारांमधून 3 आणि 4 अँपिअर धारा एका जोडापाशी येत असेल, तर त्या तारा काटकोनात असोत, समोरासमोर असोत की वेड्यावाकड्या वाकवलेल्या असोत, तिसऱ्या तारेतून 7 अँपिअरच बाहेर पडतात. तिथे कोनाला विचारतो कोण? धारा तारेतून इकडे वाहते की तिकडे, एवढेच तिची दिशा सांगते. कोन धरून बेरीज करण्याचा समांतरभुज चौकोनाचा नियम ती पाळत नाही, म्हणून ती अदिश.

हे ऐकायला तिला पाच मिनिटेही लागली नसती. माझ्या सांगण्याची आता घरात कुणाला गरज उरलेली नाही, असेही मनात येऊन गेले, ते असो. पण इतका नेमका प्रश्न पडलेल्या मुलीने उत्तराची वाट पाहू नये, याचे वाईट वाटते, आणि लिहिताना ते कमी होत नाही.

परीक्षा तोंडावर आहे आणि एका गुणाला पाठांतर पुरते, हा तिचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. गणितज्ञ हॅमिल्टन यांनी 1840च्या दशकात सदिश-अदिशाच्या या कल्पना मांडल्या, आणि गिब्ज व हेविसाइड या शास्त्रज्ञांनी त्यांना आजचे सुटसुटीत रूप दिले ते 1880च्या दशकात. मग तिला एक संध्याकाळ कशी पुरावी?

परीक्षा संपली की तिच्यापुढे एक पुस्तक ठेवीन आणि ते आधी आडव्या, मग उभ्या अक्षाभोवती 90 अंशांतून फिरवायला सांगेन. क्रम उलटा केला की पुस्तक निराळ्याच स्थितीत येऊन थांबते. या फिरवण्याला परिमाण आहे, दिशाही आहे, तरीही ते सदिश नाही, कारण सदिशांच्या बेरजेत क्रमाने फरक पडत नाही.