रात्री दोन वाजताची रंगीत तालीम

कढईतल्या तेलाने पेट घेतला तेव्हा माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तेल तापत ठेवून मी दाराशी कुणाशी तरी बोलत उभी राहिले होते, पाच-सात मिनिटंच. आत आले तर कढईवर हातभर ज्वाळा. मी पाणी ओतणार तेवढ्यात सासूबाई मागून ओरडल्या, "अगं, पाणी नको! झाक ते!" त्यांनीच मोठं ताट आपल्या बाजूने कढईवर सरकवत नेलं, मी शेगडी बंद केली आणि ज्वाळा विझल्या. थोड्या वेळाने मी ताट उचलायला गेले तर त्यांनी मनगट धरलं. तेल तापलेलंच असताना झाकण काढलं तर हवा लागून ते पुन्हा पेटतं. पूर्ण गार होईपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

पाणी ओतलं असतं तर काय झालं असतं, ते मी नंतर वाचलं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते खाली जातं. तिथे त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. ती वाफ पेटतं तेल घेऊनच वर उसळते. मुलगा तेव्हा ओट्यापासून चार पावलांवर अभ्यास करत बसला होता.

त्याच आठवड्यात आम्ही धुराचे अलार्म आणि अग्निशामक नळकांडं आणलं. अलार्म झोपायच्या प्रत्येक खोलीत आणि बाहेरच्या बोळात छताला लावले. स्वयंपाकघराजवळचा एक रोजच्या फोडणीने वाजायला लागला, म्हणून तो तीन मीटर लांब हलवला. वैतागून बॅटरी काढून ठेवण्यापेक्षा जागा बदललेली बरी. नळकांडं मी आधी शेगडीशेजारीच टांगलं होतं. पण आग शेगडीलाच लागली तर त्याच्यापर्यंत हात पोहोचणार कसा? आता ते स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावीकडून उजवीकडे फिरवत राहायचं. घरगुती नळकांडं काही सेकंदांतच रिकामं होतं. त्यामुळे ते छोट्या आगीसाठीच, आणि तेही बाहेरचं दार आपल्या पाठीशी असेल तरच.

एवढं केल्यावर मला वाटलं, झाली तयारी. नवरा म्हणाला, "एकदा रात्री करून बघू." सासूबाईंना आणि मुलाला न सांगता आम्ही रात्री दोन वाजता अलार्मचं बटण दाबलं.

मुलगा उठलाच नाही. त्याच्या डोक्यावर अलार्म किंचाळत होता आणि तो कूस बदलून झोपून राहिला. लहान मुलांच्या बाबतीत असं बरेचदा होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सासूबाई जाग्या झाल्या, पण चष्मा आणि काठी शोधण्यात त्यांचा वेळ गेला. बाहेरच्या दाराला आतून कुलूप, आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. म्हणजे आग जिथे लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तिथेच. दुसरी वाट म्हणून खिडकीच्या जाळीचं छोटं दार उघडायला गेलो तर त्याचं कुलूप गंजून घट्ट बसलेलं. सगळे बाहेर यायला चार मिनिटांच्या वर लागली. मी पायरीवर बसून रडले. सासूबाई शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आज कळलं ते बरं झालं."

दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. किल्ली दाराजवळच्या आकड्याला आली, चष्मा आणि काठी सासूबाईंच्या उशापाशी. मुलाला नवऱ्याने उचलायचं, सासूबाईंना मी हात द्यायचा, सामानासाठी कुणीही मागे फिरायचं नाही, लिफ्ट वापरायची नाही, आणि बाहेर ठरलेल्या झाडाखाली जमायचं. बंद दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावून बघायची. गरम लागलं तर दुसरी वाट. धूर वर साचतो, म्हणून रांगत निघायचं. रात्री झोपायच्या खोल्यांची दारंही आता बंद असतात, कारण बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवून धरतं.

धान्याच्या साठ्यात मी वेगळी चूक केली. घाईने भरपूर आणलं, एका कोपऱ्यात रचलं आणि काही महिन्यांनी पोती उघडली तर पोरकिडे. आता जे रोज खातो तेच थोडं जास्त ठेवते. कोरड्या हवाबंद डब्यात, वर तारीख लिहून, नवं मागे आणि जुनं पुढे. तेल आणि कोंड्यासकटची पिठं लवकर खवट होतात, ती कमी. फुगलेला बंद डबा दिसला तर चव बघायचीही नाही, सरळ टाकून द्यायचा.

मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही वीज, गॅस आणि नळ तिन्ही बंद ठेवून राहिलो. साठ्यातलं बहुतेक सगळं शिजवावं लागणारं होतं! तेव्हापासून न शिजवता खाता येईल असं तीन दिवसांचं वेगळं असतं, आणि माणशी रोज चार लिटर पाणी. चौघांचे तीन दिवसांचे ४८ लिटर होतात, आधी आमच्याकडे त्याच्या निम्मंही नव्हतं. सासूबाईंची औषधं आणि टॉर्चही त्याच कपाटात आहेत. कोळशाची शेगडी घरात पेटवायचा विचार नवऱ्याने बोलून दाखवला होता, तो मी तिथेच थांबवला. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि माणूस झोपेतच जातो.

दर महिन्याला बटण दाबून अलार्म तपासतो. त्यांच्यावर बनवल्याची तारीख आहे, तिथून १० वर्षांनी बदलायचे. मुलगा अजूनही अलार्मने उठत नाही, पण मागच्या तालमीत दोन मिनिटांच्या आत आम्ही चौघं झाडाखाली होतो. पुढची तालीम मेन स्विच बंद करून, मिट्ट काळोखात घ्यायची आहे. सासूबाईंनी पलंगापासून दारापर्यंतची पावलं आत्ताच मोजून ठेवली आहेत. १९ भरतात.