मक्याच्या राज्यातला कबरींचा कायदा

आयोवा म्हटलं की मका, डुकरं आणि निवडणुकीच्या मोसमात उगवणारे पुढारी. पण आदिवासींच्या अनाम कबरींना कायद्याचं संरक्षण देण्यात अमेरिकेत पहिलं आलं ते हेच राज्य, आणि तेही एका बाईमुळे.

1971 साली ग्लेनवूड गावाजवळ रस्त्याच्या कामात जुनी दफनभूमी लागली. 26 गोऱ्यांचे अवशेष रीतसर पुन्हा पुरले गेले. त्यांच्याबरोबर सापडलेल्या आदिवासी स्त्रीची आणि तिच्या बाळाची हाडं मात्र अभ्यासासाठी प्रयोगशाळेत रवाना झाली. रस्तेखात्यातल्या एका इंजिनिअरने ही हकिगत घरी बायकोला सांगितली. बायको म्हणजे यँक्टन जमातीची मारिया पिअर्सन. ती पारंपरिक पोशाख चढवून थेट गव्हर्नर रॉबर्ट रे यांच्या कचेरीत जाऊन धडकली. आमच्या माणसांची हाडं परत द्या आणि यापुढे उकरणं थांबवा, एवढीच मागणी.

त्यातून 1976 चा कायदा झाला. 150 वर्षांहून जुनी कबर राज्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येते, मग सातबारा कुणाच्याही नावावर असो (इथे सातबारा नसतो, पण मुद्दा कळला असेल). मुद्दाम उकरलं तर गुन्हा. अवशेष हलवावेच लागले, तर पुन्हा पुरायला राखीव जागाही आहे. 1990 साली केंद्राचा कायदा आला: संग्रहालयांनी आणि सरकारी खात्यांनी आपल्याकडच्या अवशेषांची यादी करून ते ज्या त्या जमातीला परत द्यायचे. खाजगी जमिनीतल्या कबरींना मात्र तो लागू नाही, म्हणून राज्याचा कायदा आजही मोलाचा.

आता यातला सगळ्यात चीड आणणारा भाग. मिसिसिपीकाठी इफिजी माउंड्स नावाचं राष्ट्रीय स्मारक आहे. अस्वलांच्या, पक्ष्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे, हजारेक वर्षांपूर्वी रचलेले. पाहुणे आले की आम्ही तिकडे नेतो. केंद्राचा कायदा येऊ घातला होता, तेव्हा तिथल्याच अधीक्षकाने 40 हून अधिक माणसांची हाडं खोक्यांत भरून स्वतःच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. हेतू काय, तर हाडांबरोबर कबरीतल्या वस्तूही जमातींना द्याव्या लागू नयेत! वीसेक वर्षं ती तिथेच. 2016 मध्ये शिक्षा झाली: दहा शनिवार-रविवार तुरुंगात, वर्षभर घरी नजरकैद, आणि एक लाखावर डॉलरची भरपाई. राखणदारानेच चोरी करावी आणि तुरुंगाच्या नावाखाली सुट्टीचे दिवस तेवढे जावेत, हे मला आजही पटत नाही.

इथे घर बांधणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एवढंच: परसात खणताना हाड लागलं आणि ते माणसाचं वाटलं, तर काम तिथेच थांबवा, काही हलवू नका, पोलिसांना फोन करा. फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको.